गोवर येऊन गेला, पण काय घेऊन गेला?



वेगवेगळ्या मंडळ्यांमध्ये कामाचा अहवाल सांगायला जाते, तेव्हा उपासनेनंतर चहा घेताना एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. "ताई, आम्हा पाच भावंडांना ओळीने गोवर आला होता. आईने अंधाऱ्या खोलीत निजवलं, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. आठ-दहा दिवसांत उठून खेळायला लागलो. पुन्हा कधी आला नाही. मग या पोरांना सुया कशाला टोचता? आजारातून मिळते तीच खरी शक्ती." सातपुड्यातल्या पाड्यांवर आज्याही मला हेच विचारतात, फक्त शब्द त्यांचे असतात. शहरातल्या दात्याचा आणि डोंगरातल्या आजीचा अनुभव इतका जुळत असेल, तर त्यात काहीतरी तथ्य असणारच. आणि ते आहे. म्हणून "असं नसतं हो" असे म्हणून प्रश्न उडवून न लावता या अंकात तोच घ्यायचे ठरवले.

मी डॉक्टर नाही. बायबल कॉलेजचा डिप्लोमा आणि पाड्यांवरची पंधरा-सोळा वर्षांची पायपीट एवढीच माझी शिदोरी. पण लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंच्या शेजारी बसून जे प्रश्न ऐकले, त्यांची उत्तरे समजून घेतल्याशिवाय चालणार नव्हते. जे समजले ते मांडते.

आधी "शक्ती" म्हणजे काय ते पाहू. शरीरात नवा जंतू शिरला की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याच्या अंगावरची खूण ओळखतात आणि नेमकी त्या खुणेला जाऊन चिकटतील अशी प्रथिने बनवू लागतात. त्यांना अँटिबॉडी म्हणतात, पुस्तकी मराठीत प्रतिपिंडे. (अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक, ते औषध. नावे सारखी वाटतात म्हणून पुष्कळांचा घोळ होतो.) पहिल्या खेपेच्या अँटिबॉडी घाईने बनवलेल्या असतात. त्यांना आयजीएम म्हणतात. गोवराची शंका आली की मुलाचे रक्त तपासणीला नेतात, ते याच अँटिबॉडी शोधायला. त्यामागून येतात त्या आयजीजी. या अधिक घट्ट बसणाऱ्या आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या. आजार सरला की लढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात, पण दोन प्रकारच्या मागे राहतात. काही हाडांच्या मगजात ठाण मांडून वर्षानुवर्षे अँटिबॉडी बनवत राहतात. काही स्मृतिपेशी म्हणून रक्तात आणि गाठींमध्ये फिरत राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर या स्मृतिपेशी काही दिवसांतच कामाला लागतात.

म्हणजे आपण ज्याला शक्ती म्हणतो ती दूधभाकरी खाऊन अंगात भरणाऱ्या बळासारखी सगळीकडे उपयोगी पडणारी गोष्ट नाही. ती आठवणींची नोंदवही आहे. गोवराचे पान वेगळे, धनुर्वाताचे वेगळे, न्यूमोनियाच्या एकेका जंतूचे वेगळे. एका पानावरची नोंद दुसऱ्या जंतूच्या कामाची नाही. पुढचे सगळे समजायला एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता आजीचे म्हणणे कुठे खरे आहे ते सांगते. उत्तर अटलांटिक समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत. तेथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर तेथे फिरकला नाही. १८४६ मध्ये जहाजातून तो पुन्हा आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक लोकांना लागला. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर साथीची पाहणी करायला गेला होता. त्याला दिसले की १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर येऊन गेलेले जे वृद्ध अजून जिवंत होते, त्यांच्यापैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत त्यांच्या शरीराला आठवण करून द्यायला गोवराचा जंतू आलेलाही नव्हता, तरी आठवण पक्की होती. तेव्हा गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे जुन्या लोकांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे.

लस हीच आठवण दुसऱ्या वाटेने देते. १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ होती. तेथील डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या रक्तातून जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी गोवराचा विषाणू वेगळा केला. तो प्रयोगशाळेत वेगवेगळ्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा हळूहळू त्याची आजारी पाडण्याची धार गेली, पण अंगावरची खूण तशीच राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी गोवराची लस त्याच एडमन्स्टन वाणाच्या वंशातली आहे. तिच्यातला विषाणू जिवंत पण दुबळा असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि शरीर त्याच्यावर सराव करते. म्हणूनच काही मुलांना लस टोचल्यावर साधारण आठवड्याने ताप येतो, एखाद्याला बारीक पुरळही उठते. "लसीनेच गोवर आणला," असे तेव्हा पाड्यावर बोलले जाते. पण तो गोवर नव्हे. ते मूल दुसऱ्याला आजार देत नाही आणि दोन-तीन दिवसांत ठीक होते.

लसीची उणी बाजूही सांगते, कारण ती लपवली तर पुढे कोणी आपले ऐकणार नाही. खऱ्या गोवरानंतर रक्तात जितक्या अँटिबॉडी बनतात, तितक्या लसीने बनत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत लसीतून आलेले संरक्षण दीर्घकाळ पुरते, पण मोजमाप केले तर आजाराचे पारडे जड भरते. शिवाय नवव्या महिन्यातला डोस घेतलेल्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरांमध्ये आठवण बनतच नाही. याचे एक कारण सुंदर आहे. गरोदरपणी आई आपल्या आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळाला देते. नवव्या महिन्यात काही बाळांच्या रक्तात त्या अजून शिल्लक असतात आणि लसीतल्या दुबळ्या विषाणूला त्या शत्रू समजून संपवतात. बाळाला शिकायला काही उरतच नाही! म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस. पुष्कळ जण त्याला नुसता "बूस्टर" समजतात आणि "एक झालाय ना" म्हणून सोडून देतात. खरे तर पहिल्या वेळी जे राहून गेले, मुख्यतः त्यांच्यासाठी तो असतो. दोन्ही डोस झाले की शंभरांपैकी सुमारे सत्त्याण्णव मुले सुरक्षित होतात.

आईच्या या देण्यातही फरक पडतो. जिला लहानपणी खरा गोवर झाला, ती बाळाला अधिक अँटिबॉडी देते आणि त्या जास्त महिने टिकतात. जिला लस मिळाली, तिच्या बाळाच्या अँटिबॉडी लवकर ओसरतात. आता तरुण आयांमध्ये लस घेतलेल्या जास्त, त्यामुळे सहा ते नऊ महिन्यांची बाळे उघडी पडतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवर पसरला, तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांवरील बाळांनाही जादा डोस देण्याचे ठरले, ते याचमुळे. एरवी या बाळांचे रक्षण एकाच गोष्टीवर अवलंबून असते, की भोवतालच्या मोठ्या मुलांना गोवर होता कामा नये. हा आजार इतका संसर्गजन्य आहे, की त्यासाठी वस्तीतली पंचाण्णव टक्के मुले दोन डोस घेतलेली हवीत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे आजी जिंकली." आजाराने दिलेली आठवण पक्की, जास्त अँटिबॉडी, बाळालाही जास्त वाटा. मग अडचण कुठे आहे?

अडचण किमतीत आहे, आणि ती किंमत बरीच वर्षे कोणाच्या नीट लक्षात आली नव्हती. पहिला धागा १९०८ मधला. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांना दिसले, की क्षयाच्या जंतूंशी गाठ पडलेली मुले त्वचेवरच्या ट्युबरक्युलिन चाचणीला एरवी प्रतिसाद देतात, पण गोवर आला की तो प्रतिसाद नाहीसा होतो. जणू शरीर क्षयाला ओळखेनासे होते. गोवरानंतर मुले इतर आजारांनी दगावतात हेही डॉक्टरांना माहीत होते. पण नेमके काय होते ते कळायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ते कळले नेदरलँड्समध्ये, आणि ही हकिगत आपल्या वाचकांसाठी खास आहे. त्या देशात परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा एक पट्टा आहे, लोक त्याला बायबल पट्टाच म्हणतात. तेथील काही कुटुंबे लस घेत नाहीत. आजार आणि आरोग्य देवाच्या हाती, आपण आधीच बंदोबस्त करणे म्हणजे अविश्वास, अशी त्यांची धारणा. (त्याच मंडळ्यांमध्ये लस हे देवाचेच दान मानून ती घेणारेही आहेत, हे विसरू नये.) २०१३ मध्ये तेथे गोवराची साथ आली आणि अडीच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्या वेळी लस न घेतलेल्या मुलांच्या आईवडिलांनी संशोधकांना मुलांचे रक्त घेऊ दिले, गोवर येण्याआधी आणि येऊन गेल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी. मला त्या पालकांविषयी आदर वाटतो. लसीबद्दल त्यांचे मत वेगळे होते, तरी सत्य शोधणाऱ्यांना त्यांनी दार बंद केले नाही.

त्या रक्तावरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ७७ मुलांच्या रक्तात कोणकोणत्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत याची यादीच संशोधकांनी काढली आणि आधीची-नंतरची ताडून पाहिली. गोवरानंतर मुलांच्या जुन्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. सर्दीचे विषाणू, न्यूमोनियाचे जंतू, पूर्वी भेटलेले कितीतरी, सगळ्यांच्या आठवणी पुसट झालेल्या. गोवराची लस घेतलेल्या मुलांचे रक्तही त्यांनी तपासले. त्यांच्यात असे काही घडले नव्हते.

असे का होते? गोवराचा विषाणू ज्या पेशींमध्ये शिरून वाढतो, त्यांत स्मृतिपेशीच मोठ्या संख्येने असतात. लिहिणाऱ्यालाच तो गाठतो. नोंदवहीत स्वतःचे एक पान पक्क्या शाईने लिहून जातो आणि जाताना बाकीची पाने फाडून नेतो. लसीतला दुबळा विषाणू आपले पान लिहितो, बाकी वहीला हात लावत नाही. शाई किंचित फिकी असेल, पण वही शाबूत राहते.

फाटलेली पाने पुन्हा लिहायची तर त्या त्या जंतूला पुन्हा सामोरे जावे लागते, म्हणजे पुन्हा आजारी पडावे लागते. लसीच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासून संशोधकांनी असा अंदाज बांधला आहे की हे भरून यायला दोन ते तीन वर्षे लागतात.

शहरातल्या चांगल्या पोसलेल्या मुलाला दोन-तीन वर्षे सर्दी-खोकला जरा जास्त होईल, जवळ डॉक्टर असेल, निभावेल. आमच्याकडे काय होते ते पाहा. गोवर बहुधा हिवाळा सरता सरता आणि होळीच्या सुमारास डोके वर काढतो. मूल आठ दिवस तापते, पुरळ उठते, मावळते, मूल सावरते. घरचे देवाचे आभार मानतात. मग पावसाळा लागतो, पाणी गढूळ होते. त्या मुलाला जुलाब लागतात, किंवा छाती भरते. त्याचे वजन आधीच गोवरात उतरलेले असते. आणि ज्या जंतूंना त्याचे शरीर मागच्या वर्षी ओळखत होते, ते आता अनोळखी झालेले असतात. मूल गेले तर घरचे सांगतात, "जुलाबाने गेलं." कागदावरही तेच लिहिले जाते. होळीतल्या गोवराशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. मग गोवराच्या खात्यावर काय उरते? "आला आणि गेला" एवढेच.

म्हणूनच चहाच्या वेळचा तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पाच भावंडे उठून खेळायला लागली हे खरे, आणि त्याबद्दल आभारच मानावेत. पण लस येण्याआधी जगात दरवर्षी सुमारे सव्वीस लाख माणसे, बहुतेक मुलेच, गोवराने मरत असत. प्रश्न विचारायला उरतात ते वाचलेलेच. कुपोषण आणि दवाखान्याची वानवा असलेल्या वस्त्यांमध्ये गोवर झालेल्या शंभर मुलांपैकी दहापर्यंत दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

आजारातून मिळते तीच खरी शक्ती, हे सूत्र सगळ्या आजारांना लागू पडत नाही हेही सांगायला हवे. धनुर्वात घ्या. माती-शेणातला जंतू जखमेतून शिरतो आणि विष सोडतो. ते विष इतके जहाल, की माणूस मारायला पुरेल एवढी मात्रा शरीराला ओळख करून द्यायला मात्र पुरत नाही. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला पुढे धनुर्वात होणार नाही अशी खात्री नसते. त्यालाही लस द्यावीच लागते. लसीत तेच विष निरुपद्रवी करून, शिकण्यापुरत्या मोठ्या मात्रेत दिलेले असते. येथे आजार काही शिकवत नाही आणि लस शिकवते. गरोदर बाईला टीडीची सुई देतात तेव्हा तिच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळतात आणि नाळ कापताना जंतू शिरलाच तर बाळ वाचते. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापण्याचे प्रकार आमच्या भागातल्या वडीलधाऱ्या बायांनी पाहिलेले आहेत, त्यांना हे फार समजावावे लागत नाही. २०१५ मध्ये माता व नवजात शिशूंचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जाहीर झाले, त्यात सुरक्षित बाळंतपणाइतकाच या सुईचा वाटा आहे.

कोविडचे थोडक्यात सांगते, कारण तो विषय निघतोच. तेथे आजारातून मिळालेल्या अँटिबॉडी माणसागणिक फार वेगळ्या निघाल्या, कोणाला भरपूर, सौम्य आजार झालेल्या पुष्कळांना अगदी थोड्या. आजारात विषाणूच्या अनेक भागांची ओळख होते, कोविशील्डसारख्या लसीने फक्त काट्याची. दोन्ही अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात, गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्याहून जास्त टिकते. आजार आणि लस दोन्ही झालेल्यांचे संरक्षण सर्वांत भक्कम दिसले. तेव्हा प्रत्येक आजाराचा हिशेब वेगळा, हेच खरे.

आता कामाचे. आमचे कार्यकर्ते घरोघर जातात तेव्हा "लस झाली का?" एवढेच न विचारता "मागच्या वर्षभरात अंगावर पुरळ येऊन ताप आला होता का?" हेही विचारतात. उत्तर हो असेल तर त्या मुलाचे नाव वेगळे लिहितात. अंगणवाडीत त्याचे वजन दर महिन्याला पाहायचे, जुलाब लागले किंवा श्वास जलद झाला तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्यायचे, राहिलेल्या लसी पूर्ण करायच्या. गोवर चालू असतानाच कळले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व 'अ'चा डोस मिळायला हवा. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. "गोवर येऊन गेलाय, आता सुई नको," असे आईने म्हटले तरी गोवर-रुबेलाची लस द्यायचीच असते. घरी ज्याला गोवर म्हटले तो दुसराच पुरळाचा आजार असू शकतो, रुबेलाची आठवण तर बनलेलीच नसते, आणि आधी खरा गोवर झालेला असला तरी लसीने अपाय होत नाही.

सर्वांत जास्त डोस चुकतात ते स्थलांतरात. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात, होळीला परततात. पाड्यावर लसीकरणाचा दिवस महिन्यातून एकदाच. ज्या बाळाचा नववा महिना डिसेंबर-जानेवारीत भरतो, त्याचा डोस सहज बुडतो आणि होळीला ते थेट साथीच्या तोंडी येते. म्हणून यंदा दसऱ्यापासूनच आशाताईंबरोबर बसून बाहेर जाणाऱ्या घरांची यादी करायची आहे. ज्यांचा डोस तेव्हा देता येईल त्यांना तो देऊन पाठवायचे. ज्यांचा पुढे येणार आहे त्यांच्या कार्डावर तारीख ठळक लिहून, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यायचे आणि सांगायचे, की जिथे काम लागेल तिथल्या सरकारी दवाखान्यात हे दाखव. लस तिथेही फुकट मिळते, आणि तिथे घेतलेला डोस इथे मोजला जातो.